मैदानात मोडला तो तालमीचा

विडा मारुतीपुढे तसाच पडून होता आणि एकही हात पुढे येत नव्हता.

आमचं घर बुरूज तालमीच्या बरोबर समोर. बायकांनी तालमीत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला दंडक. बायकांनी समोरच्या खिडकीत उभं राहायचं नाही, असा दंडक काढायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे तालमीतली एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटायची नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या तालमीत विडा उचलायची रीत होती. कप्तानानं मारुतीपुढचा विडा उचलायचा, बाकीच्या पोरांनी त्याच्या हाताला हात लावायचा, की हंगामभर तालमीसाठी खेळायचा शब्द दिला गेला. मग नारळ, मग पेढे, मग आरडाओरडा. विडा पडून राहिलाय असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

कप्तान होता माझा धाकटा भाऊ सत्यजित. आणि त्याच्यासमोर हातात नारळ घेऊन उभे होते आमचे आबा, सर्जेराव सासणे, बुरूज तालमीच्या समर्थकांचे पुढारी.

"उचल की," आबा म्हणाले.

"न्हाई उचलणार."

"का? हात मोडलाय?"

"माझं काय मोडलं न्हाई, आबा. मोडलाय धनाजी. त्याचं ऑपरेशन तालीम कधी करणार ते सांगा. पुढं जो मैदानात मोडंल त्याचं कोण बघणार, ते बी सांगा. मग उचलतो."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"तर कुठल्याच तालमीचं पोरगं मैदानात उतरणार न्हाई. समद्यांनी जोतिबाला जाऊन बेल-भंडारा उचललाय."

आबांच्या हातातला नारळ खाली आला. बेल-भंडारा हातात घेऊन डोंगरावर घेतलेली शपथ आमच्याकडे कुणी मोडत नाही, हे कारण होतंच. पण खरं कारण वेगळं. ही युक्ती आबांचीच होती. आबा सूतगिरणीत युनियनचे सेक्रेटरी. गिरणीच्या मोठ्या संपात फाटाफूट होऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या कामगारांना जोतिबाला नेऊन हेच केलं होतं आणि दर गणपतीत आरती झाल्यावर ते आम्हाला रंगवून सांगायचे. सत्यानं शाळेतलं काही कधी पाठ केलं नाही. हे मात्र केलं होतं.

धनाजी निगवेकर हा आमचा डाव्या बगलेचा खेळाडू. आदल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, उंबर तालमीविरुद्ध, शेवटच्या घटकेला त्यानं गोल मारला आणि त्याच धडकेत त्याचा गुडघा गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत तो भट्टीवर उभा राहायचा, ती नोकरी गेली. तालमीनं त्याचा जाहीर सत्कार करून शाल दिली. गुडघ्याला गुंडाळायला ती बरी पडली.

आणि माझी नि त्याची सुपारी फुटली होती. वैशाखात लग्न ठरलं होतं. म्हणजे त्या संध्याकाळी तालमीत जे पडून होतं त्यात विड्याबरोबर माझं लग्नही होतं, हे खिडकीत उभ्या उभ्या मला कळलं.

हंगाम थांबला. शहराच्या फुटबॉल संघटनेनं कागद काढला की हा तालमी आणि खेळाडू यांचा आपसातला मामला आहे. तालमी म्हणाल्या की खेळाडू आमची पोरं आहेत, त्यांच्याशी कसला मामला? अशी सगळ्यांनी एकमेकांवर माया केली आणि धनाजीचा गुडघा होता तिथंच राहिला.

पहिले काही दिवस समर्थकांनी दुःखात काढले. दुपारी चारच्या सुमाराला कधी घरात नसलेले पुरुष घरात दिसू लागले आणि बायकांची पंचाईत झाली. शेजारच्या पारूकाकू माझ्याकडे ब्लाउज टाकायला आल्या आणि बसूनच राहिल्या.

"घरी जाऊ वाटंना बघ," त्या म्हणाल्या. "काल मला विचारत्यात, आपला थोरला कितवीत हाय? म्हटलं, त्यो नोकरीला लागला."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, सांगायचं तरी."

दुःख ओसरलं आणि राग आला. "पोरांस्नी माज आलाय," हे वाक्य पेठेत इतक्या तोंडांतून ऐकू आलं की मारुतीलाही पाठ झालं असेल. म्हणणारे कोण? पगारवाढीसाठी कलेक्टर कचेरीपुढे सतरंज्या अंथरून बसलेले कारकून. बोनससाठी गिरणीच्या फाटकाला टाळं ठोकलेले कामगार. परीक्षा तोंडावर आल्या की मोर्चा काढणारे मास्तर. संप करायचा हक्क ह्या गावात सगळ्यांना होता. फक्त ह्यांच्या करमणुकीला नव्हता.

संपानं एक चमत्कार मात्र घडवला. बुरूज आणि उंबर ह्या दोन तालमींचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर. उंबरवाल्यांचे पुढारी अण्णाप्पा शेटके आणि आमचे आबा गिरणीत एकाच युनियनमध्ये, एकाच खात्यात. पण फाटकाबाहेर पडले की एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. ते अण्णाप्पा आमच्या घरी आले. आईनं चहा टाकला आणि मला आत बोलावून विचारलं, की ह्यांना कपात द्यायचा का पेल्यात.

"सर्जा," अण्णाप्पा म्हणाले, "तुझी पोरं वाईट, माझी बी वाईट. आपुन दोघंच चांगलं."

"खरं हाय," आबा म्हणाले आणि त्यांना भरून आलं.

मग दोन्ही पेठांनी मिळून फुटबॉलची अंत्ययात्रा काढली. तिरडीवर चेंडू ठेवला, वर फुलं, पुढं मडकं. मी शिवणकाम करायची, दोन्ही तालमींचे झेंडे माझ्याच मशिनवर व्हायचे, त्यामुळे चेंडूचं कफनही मलाच सांगितलं. चौकोनी कापडात गोल प्रेत नीट बसेना, म्हणून मापं घ्यायला चेंडू माझ्या मशिनशेजारी आणून ठेवला होता. यात्रेत मोठमोठी माणसं हुंदके देत होती. ज्या पोलिसांनी आजवर ह्या दोन पेठांच्या मध्ये दोर बांधले, ते दोर हातात घेऊन नुसते उभे होते.

खेळाडूंना पेठेनं वाळीत टाकलं तेही मोठ्या कल्पकतेनं. कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध प्यायला पोरं गेली की दूधवाला म्हणायचा, म्हैस आटली. शहरातल्या सगळ्या म्हशी एकाच आठवड्यात आटल्या. न्हाव्याकडे गोलकीपरला खुर्ची मिळेना, तो केस वाढवून साधूसारखा हिंडायला लागला. पोरं मात्र रोज दुपारी मैदानाच्या फाटकाबाहेर येऊन बसायची. घोषणा नाही, काही नाही. धनाजी मधे खुर्चीवर, पाय लांब करून. मागे एकच कापडी फलक: मैदानात मोडला तो तालमीचा. कफन शिवून उरलेल्या कापडाचा तो फलक मीच शिवला होता. कापड पेठेचंच, तेव्हा पेठेच्याच कामाला आलं.

आमच्या घरात आबा आणि सत्या बोलायचे बंद झाले. जे बोलायचं ते आईमार्फत.

"त्याला सांग," आबा भाकरी मोडत म्हणायचे, "तालीम म्हंजे एक घर असतंय. घरात कुणी मागण्या करतंय व्हय?"

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "गिरणीचा मॅनेजर असंच म्हणायचा न्हवं?"

"त्यो येगळा विषय. पोरांस्नी बाहेरच्यानं कुणीतरी भडकवलंय."

"हे बी त्योच म्हणायचा."

आबा पाण्याचा तांब्या जोरात ठेवायचे. आईला त्यांना चिडवायचं नसायचं. तिची स्मरणशक्तीच चांगली होती, आणि संसारात ती कुणाच्याही सोयीची नसते.

एक दिवस आबा मला म्हणाले, "माला, चांगलं लुगडं नेस. धनाजीकडं जाऊन येऊ."

मला वाटलं, निवळले. संप सुरू झाल्यापासून आबांनी त्याच्या घराची पायरी चढली नव्हती. मी मोरपंखी साडी नेसले, आईनं पुडीत पेढे बांधून दिले. वाटभर मी मनातल्या मनात वैशाखातले दिवस मोजत होते.

धनाजी ओसरीवर बसला होता. उठायला लागला तसे आबा म्हणाले, "बस, बस. पाय कसा हाय?"

"हाय तसाच, आबा."

"धनाजी, मी सरळ बोलतो. हंगाम सुरू करायचा हाय. रविवारी तू मैदानात यायचं, नारळ फोडायचा आणि चार लोकांत सांगायचं की माझी काय तक्रार न्हाई, खेळ चालू व्हावा. बास. तुझ्यासाठी बसल्यात पोरं; तूच उठलास की ती बी उठत्यात. पतपेढीत तुझ्यासाठी शब्द टाकलाय, बसून करायचं काम हाय. आणि वैशाखात लगीन. कार्यालय मी बघतो."

आता मला माझ्या मोरपंखी साडीचं कारण कळलं. गळाला लावायला काहीतरी लागतंच.

धनाजीनं माझ्याकडे पाहिलं. त्याला काय वाटत होतं ते त्याच्या तोंडावर सगळं दिसत होतं, तो कधीच काही लपवू शकायचा नाही. मग तो हळूच म्हणाला, "आबा, गिरणीच्या संपात तुमास्नी मॅनेजरनं सुपरवायझर करतो म्हटलं हुतं. सत्या सांगतो."

"त्याचं हितं काय?"

"तुमी न्हाई म्हटला हुता."

आबांचा आवाज चढला. "लेका, कुणाबरोबर तुलना करतोस? त्यो मालक हुता. आमी तुझी माणसं! ह्या खांद्यावर घेतला हुता तुला, ह्या. मैदानापासनं तालमीपर्यंत मिरवत आणला. अख्खी पेठ नाचत हुती. आनंदानं रडत हुतास तू माझ्या खांद्यावर. इसरलास ते?"

"न्हाई इसरलो," धनाजी म्हणाला. बस, एवढंच.

"मग येतोस का रविवारी?"

"शपथ हाय, आबा."

आबा उठले. "मग आमची बी शपथ ऐक. ही सोयरीक मोडली. चल गं."

मी उठले नाही. पेढ्यांची पुडी मांडीवर होती, ती ओसरीच्या कठड्यावर ठेवली, धनाजीच्या आईला नमस्कार केला आणि मग उठले. एवढंच माझ्या हातात होतं आणि ते मी सावकाश केलं. वाटेत आबा म्हणाले, तुझ्यासाठी ह्यापेक्षा चांगलं स्थळ बघतो. मी म्हटलं, दोन्ही पाय धड असलेलं बघा, म्हणजे पुढच्या वर्षी मोडायला बरं. त्या दिवसापासून आई दोघांऐवजी तिघांचे निरोप पोचवू लागली.

धनाजी आला नाही, म्हणून समर्थकांनी शेवटचं शस्त्र काढलं. खेळाडू खेळत नाहीत ना, मग आम्ही खेळू. आयुष्यभर कट्ट्यावर बसून पास कसा द्यायचा ते ह्यांनीच तर शिकवलं होतं. बुरूज समर्थक विरुद्ध उंबर समर्थक असा सामना जाहीर झाला. झेंड्यांची एवढी कामं आली की माझ्या मशिनचा पट्टा तुटला.

पुढच्या रविवारी मैदान गच्च भरलं. घरच्या सगळ्यांनी यायचं असा आबांचा हुकूम होता, म्हणून मी, आई आणि पारूकाकूही. फाटकाबाहेर बसलेल्या पोरांच्या समोरून आम्हाला आत जावं लागलं. धनाजीनं मला पाहून मान खाली घातली, सत्यानं आईला पाहून घातली नाही.

आबा सेंटर फॉरवर्ड होते, कारण संघ त्यांनीच निवडला होता. अण्णाप्पा रुंदीच्या जोरावर उंबरच्या गोलात. शिट्टी झाली आणि दोन्ही संघ चेंडूमागे धावले. सगळे. सगळ्यांनाच गोल मारायचा होता. थोड्या वेळात कुणी कमरेवर हात ठेवून उभं, कुणी गवतावर बसलेलं, कुणी खांबाला टेकून श्वास शोधत होतं. पतपेढीच्या चेअरमननी लाथ मारली तर बूट उडून गोलात गेला आणि चेंडू जागेवर राहिला. तो गोल धरावा का, ह्यावर बराच वेळ वाद झाला. इतर वेळी खेळाडूंना "पाय हाय का खांब?" म्हणून ओरडणारं मैदान अगदी गप्प झालं. आपल्याच माणसाला काय ओरडायचं? लोकांनी खिशातले शेंगदाणे काढले आणि मान खाली घालून खाऊ लागले.

तेवढ्यात आबांच्या पायात चेंडू आला. समोर फक्त अण्णाप्पा. आबांनी सगळा जीव एकवटून लाथ मारली, ती चेंडूला न लागता हवेत गेली, खालचा पाय मुरगळला आणि आबा कोसळले.

अण्णाप्पा गोल सोडून धावत आले. वैरी पडला होता, आणि तो खेळता खेळता पडला होता.  "उचला रं सर्जाला!" ते ओरडले. "ह्या वयात असा खेळला! खांद्यावर घ्या!"

दोन्ही पेठांनी आबांना उचललं. हलगी कडाडली. आबांना खांद्यावर घेऊन सगळे नाचत नाचत मैदानाला फेरी मारायला निघाले, आणि मैदानाला दिवसभरात पहिल्यांदा जान आली. लोक उभे राहिले, शिट्ट्या वाजल्या. वर आबा दोन्ही हात हलवत होते, काहीतरी ओरडत होते, लोक त्यांना टाळ्यांनी उत्तर देत होते. आमच्यापुढून गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ, आबांस्नी किती भरून आलंय," पारूकाकू म्हणाल्या.

आई उभी राहिली. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर काढलेली, तिला ते तोंड कळलं. "अगं, त्ये खाली ठेवा म्हणाय लागल्यात!" ती ओरडली आणि पदर खोचून कठड्यावरून मैदानात उतरली. पण ती पोचेपर्यंत फेरी पुरी झाली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला. "पडलात तेव्हा नुसती चीर गेली असणार," ते म्हणाले. "तसंच निजवून आणलं असतं तर भागलं असतं. हा तुकडा सरकला कसा?"

"मान दिला साहेब," अण्णाप्पा छाती पुढे काढून म्हणाले. "खांद्यावर घेऊन फेरी मारली."

"पाय मोडलेल्या माणसाला नाचवता?" डॉक्टर म्हणाले. "कुठली रीत ही?"

 पायाला प्लास्टर चढत होतं. आबा छताकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "घरी नको. धनाजीकडं घ्या."

मागच्या खेपेला मी गळाला होते, ह्या खेपेला आधाराला. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, एक पाय उचललेला, असे आम्ही ओसरीची पायरी चढलो. धनाजी नुकताच फाटकावरून परतला होता. दोघे समोरासमोर बसले, दोघांचेही पाय लांब केलेले.

"धनाजी," आबा म्हणाले, "त्या दिवशी मिरवणुकीत तू रडत हुतास."

"व्हय."

"ते आनंदानं न्हवतं."

धनाजीनं मान हलवली.

"मग सांगायचं न्हाईस, लेका?"

"सांगत हुतो की, आबा. वरनं सांगत हुतो. हलगी वाजत हुती."

आबांनी तोंड फिरवलं. मग विचारलं, "मिरजेचा डॉक्टर काय म्हणाला हुता?"

"तुमच्या डॉक्टरनं आज म्हटलं असंल तेच."

"आणि वर्षभर गप ऱ्हायलास."

"काय बोलू? जो दिसंल त्याला तुमी ती मिरवणूकच सांगत हुता. लई कौतुकानं सांगत हुता. आणि पोरगी तुमचीच मागितली हुती."

मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. ज्या माणसाला त्याच्या दुखण्यासाठी वर्षभर शाबासकी मिळाली, त्याच्यावर माझं किती प्रेम आहे ते मला तेव्हा नीट कळलं. आबांनी खिशातून रुमाल काढला, मला द्यायला म्हणून, आणि स्वतःचेच डोळे पुसले.

"वैशाखातली तारीख काढू का?" ते म्हणाले.

"संप मिटल्यावर," धनाजी म्हणाला. "शपथ हाय, आबा."

म्हणजे माझं लग्न पुन्हा संपाच्याच पदराला. शपथ पाळणाऱ्या माणसाशी सुपारी फोडली की हे असं होतं.

पुढं काय झालं ते गावाला माहीत आहे. तालमींनी मोडलेल्या खेळाडूंची जबाबदारी घेतली, हंगाम उशिरा का होईना सुरू झाला. क्रीडाप्रेमींच्या समजूतदारपणामुळे तोडगा निघाला, असं पेपरात छापून आलं. समजूतदारपणा एवढाच की स्वतःचा खेळ दुसऱ्यांदा बघायची कुणाची छाती नव्हती. धनाजीचं ऑपरेशन झालं. गुडघा चालण्यापुरता बरा झाला, धावण्यापुरता नाही. पतपेढीतल्या त्या नोकरीचं नाव त्यानं पुन्हा काढू दिलं नाही, सायकलचं दुकान टाकलं. वैशाख हुकला, लग्न मार्गशीर्षात लागलं. पण संप खरा मिटला तो त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, फाटकावर, आणि ते पेपरात आलं नाही.

समर्थक चिडलेले होते. स्वतःचं हसं झाल्याचा राग कुणावर तरी काढायलाच हवा, आणि पोरं फाटकावर आयती बसलेली होती. दोन्ही पेठा हलगी घेऊन आल्या. पोरांनी तोंड उघडायच्या आत हलगी सुरू झाली, वर शिट्ट्या, वर "माज आलाय" हे आता चालीवर. तेवढ्यात आमची रिक्षा आली. आबा प्लास्टरचा पाय सावरत माझ्या आधारानं उतरले तसा जल्लोष झाला. आबा आले! आता आबा बघतात एकेकाकडे!

आबा माझा खांदा सोडून काठीच्या आधारानं लंगडत हलगीवाल्यापर्यंत गेले आणि त्यांनी तळहात सपाट हलगीवर ठेवला. तिचा आवाज तिथंच मेला.

"काय झालं, आबा?" हलगीवाला गोंधळला.

"जरा गप ऱ्हा. त्याला काय सांगायचंय ते ऐकू दे."

"कुणाला?"

आबांनी काठीनं धनाजीकडे दाखवलं. गर्दीत कुजबूज झाली. अण्णाप्पा पुढं आले. "सर्जा, पोरीसाठी फितूर झालास व्हय? तुला बी माज आला."

"आला," आबा म्हणाले. "आता ऐक." आणि ते पोरांच्या ओळीत, सत्याच्या शेजारी, पाय लांब करून खाली बसले. सत्यानं त्यांच्याकडे न बघताच थोडं सरकून जागा केली.

मग धनाजी बोलला. भाषण त्याला कधी जमलं नाही, त्यानं नुसतं सांगितलं. धडक कशी झाली, गुडघ्यात काय वाजलं, त्याला कुणी उचललं, कुठल्या चौकात कितीदा उडवला आणि प्रत्येक वेळी तो वरून काय म्हणत होता. ज्या खांद्यांवरून तो गेला होता, त्यांतले बरेचसे समोर उभे होते. एकेकजण आपल्या खांद्याकडे बघत होता, त्यावर अजून कुणीतरी बसलेलं असल्यासारखा.

मी हलगीवाल्याच्या मागे उभी होते. तिथंवर धनाजीचा एकेक शब्द येत होता. त्याला आवाज चढवावा लागला नाही.